प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा मोजलेला असावा : भारतीय मानक ब्यूरो आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, नवी दिल्ली
मा. मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : प्रोजेक्टरचा उजेड ठरावीक पद्धतीने मोजूनच त्याचा आकडा छापण्याची सक्ती करण्याबाबत

महोदय,

शाळा, सभागृहे आणि लहान कार्यालये यांत प्रोजेक्टर बसवून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायात ग्राहकाला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागणारी गोष्ट म्हणजे खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा. सात-आठ हजार रुपयांच्या, हातात मावेल अशा यंत्रावर ‘९५०० ल्युमेन’ असे ठळक छापलेले असते आणि पन्नास हजारांच्या यंत्रावर ‘३६०० ल्युमेन’. आकडे वाचता येणारा कोणताही शहाणा माणूस पहिले यंत्र अडीच पट उजळ असेल असेच समजणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. प्रत्यक्षात पहिल्या यंत्राच्या भिंगातून बाहेर पडणारा उजेड बहुधा दोन-अडीचशे ल्युमेनच्या घरात असतो. म्हणजे दोन्ही आकडे एकाच एककात छापलेले असूनही त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक मोजलेला असतो, दुसरा नुसता छापलेला. हा प्रकार थांबवण्याचे अधिकार आपल्या दोन संस्थांकडे वाटून आलेले आहेत, म्हणून हे पत्र दोघांच्या नावे लिहीत आहे.

उजेड मोजण्याची पद्धत अवघड नाही, हे आधी नोंदवतो. कारण ‘हे तांत्रिक आहे, सामान्य ग्राहकाला कळणार नाही’ या सबबीखाली हा विषय नेहमी बाजूला पडतो. ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप आहे आणि लक्स हे त्यातला किती उजेड एका चौरस मीटर पृष्ठभागावर पडतो याचे. पडद्यावर पडलेले सरासरी लक्स मोजले आणि त्याला चित्राच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने गुणले, की ल्युमेन मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एएनएसआयने, १९९२ साली प्रोजेक्टरसाठी हीच पद्धत मानक म्हणून लिहून काढली. अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर स्थिरावेपर्यंत तापू द्यायचा, संपूर्ण पांढरे चित्र पडद्यावर टाकायचे, त्याचे उभे-आडवे तीन-तीन असे नऊ समान भाग कल्पायचे, प्रत्येक भागाच्या मध्यबिंदूवर लक्समीटर धरायचा, नऊ वाचनांची सरासरी काढायची आणि क्षेत्रफळाने गुणायचे. ‘आन्सी ल्युमेन’ म्हणून बाजारात ज्याचा उल्लेख होतो तो हाच आकडा.

नऊ बिंदूंचा आग्रह उगाच नाही. प्रोजेक्टरचा झोत मध्यभागी सर्वांत प्रखर असतो आणि कडांकडे उतरत जातो. स्वस्त यंत्रांत तर कोपरे चक्क काळवंडलेले दिसतात. केवळ मधल्या बिंदूवरचे वाचन घेऊन ते सगळ्या पडद्याला लावले, तर आकडा आयताच फुगतो. याहूनही महत्त्वाची, पण क्वचितच सांगितली जाणारी अट म्हणजे मोजण्यापूर्वीच्या जुळवणीची. काळ्याच्या लगतच्या गडद करड्या छटा आणि पांढऱ्याच्या लगतच्या फिक्या करड्या छटा वेगवेगळ्या ओळखू येतील अशा बेताने यंत्राचा ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट लावूनच मोजमाप करायचे असते. ही अट नसती, तर चित्रातल्या सगळ्या फिक्या छटा पांढऱ्यात बुडवून कोणालाही आकडा वाढवता आला असता. मानक लिहिणाऱ्यांना विक्रेत्यांच्या क्लृप्त्यांची तेव्हाच पुरती कल्पना होती, असे ते वाचताना वाटते.

अमेरिकेचे ते मूळ मानक पुढे मागे घेण्यात आले. त्याची जागा आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या आयईसी ६१९४७ या मानकाने घेतली आणि विवरणपत्रात काय छापायचे हे आयएसओ २१११८ या मानकाने ठरवून दिले. हे दुसरे मानक प्रथम २००५ साली आले आणि त्यानंतर सुधारत गेले. मोजणीचा गाभा मात्र तोच नऊ बिंदूंचा राहिला. आयएसओच्या मानकात एक सूट आहे, तीही ग्राहकाला ठाऊक असायला हवी : छापलेला आकडा हा उत्पादनाच्या सरासरीचा असतो आणि कारखान्यातून निघणारे एखादे यंत्र त्याच्या ८० टक्केच भरले तरी ते मानकात बसते. म्हणजे ३६०० ल्युमेनचे यंत्र २८८० भरले, तर कंपनीने फसवले असे म्हणता येत नाही. ही सूट मला वाजवी वाटते. दिव्यांत, भिंगांत आणि पॅनेलांत नगागणिक फरक पडतोच. पण वीस टक्क्यांची तफावत मान्य करणे वेगळे आणि चाळीस पटींची तफावत चालू देणे वेगळे.

ही चाळीस पट तफावत येते कुठून? काही उत्पादक भिंगातून बाहेर पडणारा उजेड न मोजता आतल्या दिव्याचा उजेड छापतात आणि त्याला ‘प्रकाशस्रोताचे ल्युमेन’ असे भारदस्त नाव देतात. काही जण लक्सचे वाचन छापतात. लक्स किती भरेल हे चित्र किती मोठे आहे यावर अवलंबून असल्याने, यंत्र पडद्याजवळ नेऊन चित्र लहान केले की लक्स हवे तितके वाढवता येतात. चित्राचा आकार न सांगता दिलेल्या लक्सच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. ‘एलईडी ल्युमेन’ हा त्यातल्या त्यात सुशिक्षित प्रकार. अतिशुद्ध, गडद रंगाचा प्रकाश तितक्याच मोजमापाच्या फिक्या प्रकाशापेक्षा डोळ्याला अधिक उजळ भासतो. या परिणामाला हेल्महोल्ट्झ आणि कोलराउश या दोन शास्त्रज्ञांचे नाव आहे आणि तो खरा आहे. त्याचा आधार घेऊन मोजलेल्या आकड्याला दोन-अडीचने गुणायचे आणि गुणाकार खोक्यावर छापायचा, अशी ही रीत. परंतु भासणारा उजेड रंगागणिक, चित्रागणिक आणि बघणाऱ्यागणिक बदलतो. पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांना त्याचा काहीच उपयोग नाही. उरलेला आणि संख्येने सर्वांत मोठा वर्ग कोणत्याच हिशेबाच्या भानगडीत पडत नाही. शेजारच्या विक्रेत्याने ८००० लिहिले म्हणून आपण ९५०० लिहायचे, एवढाच त्यामागचा विचार.

असा आकडा खोटा आहे हे ओळखायला प्रयोगशाळाही लागत नाही. यंत्राच्या पाठीवर छापलेले वॅट पुरतात. समजा, ९५०० ल्युमेनचा दावा करणारे यंत्र ८० वॅट वीज घेते. म्हणजे वॅटमागे जवळजवळ १२० ल्युमेन झाले. आपल्या घरातला चांगला एलईडी बल्ब वॅटमागे शंभरेक ल्युमेन देतो आणि तो उजेड थेट खोलीत सोडतो, वाटेत काही अडथळा नसतो. या स्वस्त प्रोजेक्टरात मात्र एलईडीचा उजेड एका एलसीडी पॅनेलमधून जातो. तिथे ध्रुवक पट्टी निम्म्याहून अधिक उजेड अडवते, लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या उरलेल्यातला सुमारे एक तृतीयांशच पुढे सोडतात, पिक्सेलभोवतीच्या तारांची जाळी आणखी काही खाते आणि साधे भिंग उरल्यासुरल्यातला काही भाग आतच पसरवते. एवढे झाल्यावर शंभरातले पाच-सात भाग पडद्यापर्यंत पोहोचले तरी पुष्कळ. ८० वॅटपैकी पंखा, ध्वनी आणि इतर मंडले यांचा वाटा वजा केला, एलईडीला सढळ हाताने पाच हजार ल्युमेनचे श्रेय दिले, तरी पडद्यावर अडीचशे ते साडेतीनशे ल्युमेनच येणार. या यंत्राला अंधाऱ्या खोलीत भिंतीवर सिनेमा दाखवायला विकले तर माझी हरकत नाही. त्या कामाला ते पुरते आणि किंमतही तशी आहे. हरकत आकड्याला आहे.

आता याची झळ कोणाला बसते ते पाहू. घरगुती ग्राहक सात हजार रुपये पाण्यात गेले म्हणून हळहळतो आणि यंत्र माळ्यावर टाकतो. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर हजारो जिल्हा परिषद शाळांनी डिजिटल वर्ग उभे केले, आणि त्यांतल्या कितीतरी वर्गांचा खर्च गावाने लोकवर्गणीतून उचलला. शाळा व्यवस्थापन समितीत शेतकरी, मजूर, दुकानदार पालक असतात; मुख्याध्यापक निविदा मागवतात तेव्हा अटींमध्ये ‘किमान ३००० ल्युमेन’ एवढेच लिहितात, कारण कोणीतरी त्यांना तसे सांगितलेले असते. ‘आयएसओ २१११८ प्रमाणे मोजलेले’ हे शब्द त्यात नसतात. मग सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्याच्या नियमामुळे कागदावर ९५०० ल्युमेनचे यंत्र हाच सर्वोत्तम आणि सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. खरा आकडा छापणारा पुरवठादार दोन्ही बाजूंनी हरतो : त्याची किंमत जास्त आणि ल्युमेन कमी. लेखापरीक्षणात ही खरेदी चोख ठरते, हे आणखी एक दुर्दैव.

असे यंत्र वर्गात लागल्यावर काय होते, तेही आकड्यांतच सांगतो, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप नको. १०० इंच कर्णाचे, रुंद आकाराचे चित्र साधारण २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असते. क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर. त्यावर २२० ल्युमेन पसरले की ८० लक्स पडतात. आपल्या ग्रामीण शाळांच्या वर्गांना दोन्ही बाजूंना खिडक्या असतात, पडदे असले तर पातळ असतात, आणि मुलांना वहीत लिहायचे असल्याने वर्गात मिट्ट काळोख करून चालतही नाही. अशा वेळी पडद्यावर बाहेरचा १०० लक्स उजेड पडतो असे धरू. हा अंदाज सौम्यच आहे. पडद्यावरची ‘काळी’ जागा तेव्हा १०० लक्सची आणि पांढरी जागा १८० लक्सची. दोहोंचे प्रमाण १.८ ला १. दृक्श्राव्य क्षेत्रातल्या एएनएसआय-इन्फोकॉम यांच्या २०११ च्या मानकाप्रमाणे नुसते बघत बसण्यासाठीसुद्धा हे प्रमाण किमान ७ ला १ लागते, आणि तक्ता, आकृती, मजकूर वाचून काही समजून घ्यायचे असेल तर १५ ला १. त्याच खोलीत खरोखर ३६०० ल्युमेन देणारे यंत्र पडद्यावर १३०० लक्स टाकते आणि प्रमाण १४ ला १ पर्यंत नेते. म्हणजे खऱ्या ३६०० ल्युमेनचे यंत्रसुद्धा वर्गाला जेमतेम पुरते. खोट्या ९५०० च्या यंत्रापुढे मागच्या बाकावरच्या मुलाला भूगोलाच्या नकाशातल्या नद्या दिसत नाहीत, आणि शिक्षक दोन महिन्यांत पुन्हा खडू-फळ्याकडे वळतात. मग ‘गुरुजींना तंत्रज्ञान वापरायचे नसते’ असा शेरा मारला जातो. तो मी अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि त्याचा मला संताप येतो.

नामांकित उत्पादकांचे आकडे मोजलेले असतात, पण त्यांच्या बाबतीतही सगळे आलबेल आहे असे नाही. ज्या यंत्रांत सूक्ष्म आरशांची एकच डीएलपी चिप आणि फिरते रंगचक्र असते, त्यांतल्या अनेकांच्या रंगचक्रात लाल, हिरव्या, निळ्याबरोबर एक पारदर्शक भागही ठेवलेला असतो. पूर्ण पांढरे चित्र टाकले की या भागातून भरपूर पांढरा प्रकाश जातो आणि नऊ बिंदूंची मोजणी दणदणीत भरते. छायाचित्र किंवा नकाशा दाखवताना मात्र गडद रंगांना या भागाचा उपयोग नसल्याने रंग मलूल पडतात. अशा यंत्रात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही वेगवेगळे मोजून बेरीज केली, तर ती कधीकधी पांढऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. हे मोजण्याची पद्धत प्रदर्शक उपकरणांच्या मोजमापासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आयडीएमएस या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात दिलेली आहे. लाल, हिरव्या, निळ्यासाठी वेगळ्या अशा तीन पॅनेलांच्या तंत्राने यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या, विशेषतः एप्सन, या रंगीत उजेडाच्या आकड्याचा मोठा गाजावाजा करतात. त्यांच्या यंत्रांत पांढरा आणि रंगीत आकडा सारखाच येतो, तेव्हा त्यांचा स्वार्थ उघड आहे. तरीही मुद्दा बरोबर आहे. केवळ काळा-पांढरा मजकूर दाखवणाऱ्याला रंगीत आकड्याची गरज नाही, पण शाळेला आहे.

छापील आकडा यंत्राच्या सर्वांत उजळ मोडमधला असतो, हेही ग्राहकाला कोणी सांगत नाही. त्या मोडमध्ये चेहरे हिरवट दिसतात. रंग जागेवर आणले की उजेड पाव भागाने, काही यंत्रांत निम्म्याने उतरतो. झूम असलेले भिंग लांब टोकाला नेले तर आणखी घट होते. दिव्याचे जे ‘आयुष्य’ छापतात, ते दिवा विझेपर्यंतचे नसून उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असते, लेसरच्या २०,००० तासांचेही तसेच. या सगळ्यासाठी कायदा करा असे मी म्हणत नाही. जाणकार विक्रेत्याने सांगायच्या या गोष्टी आहेत. मूळ आकडाच खोटा असेल तर हे सांगण्यात मात्र काही अर्थ राहत नाही.

हे बदलता येते याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. शंभर रुपयांच्या एलईडी बल्बवर आज वॅट आणि ल्युमेन दोन्ही छापलेले असतात. भारतीय मानक आयएस १६१०२ च्या दुसऱ्या भागात त्याच्या कामगिरीच्या चाचण्या सांगितलेल्या आहेत आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन, जे वॅटमागील ल्युमेनवर ठरते, २०१८ पासून या बल्बना सक्तीचे आहे. म्हणजे ल्युमेन मोजणाऱ्या प्रयोगशाळा, मोजमापाची साखळी आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मूळ प्रमाणे, असे सगळे देशात आहे. शंभर रुपयांच्या बल्बचे ल्युमेन सरकार तपासते आणि पन्नास हजारांच्या प्रोजेक्टरचे ल्युमेन विक्रेत्याच्या मर्जीवर सोडते, या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे.

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर घेतलेल्या पिढीला ‘पीएमपीओ’, म्हणजे स्पीकरच्या क्षणिक कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा, आठवत असेल. मुठीएवढ्या स्पीकरांच्या डब्यावर हजार वॅटचा शिक्का असायचा आणि तो दाखवून शेजाऱ्यांना दिपवले जायचे. अमेरिकेत असाच प्रकार घरगुती अॅम्प्लिफायरबाबत चालत होता, तेव्हा तिथल्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ साली नियम काढून, शक्तीचा दावा करायचा तर कोणत्या परिस्थितीत मोजून करायचा, हे ठरवून दिले. आपल्याकडे पीएमपीओला कोणी हात लावला नाही. ती फॅशन आपोआप मेली. प्रोजेक्टरच्या बाबतीत तशी वाट पाहू नये, कारण इथे आकडा वर्षागणिक वाढतोच आहे. अमेरिकेत एप्सनने फसव्या ल्युमेन-दाव्यांबद्दल अनेक स्पर्धकांना न्यायालयात खेचले आणि त्यानंतर काही उत्पादकांनी आपले आकडे मानकाप्रमाणे खाली आणले. पण ग्राहकाच्या हिताचे रक्षण एका खासगी कंपनीने, स्वतःच्या धंद्यासाठी, वकिलांचे बिल भरून करावे, ही काही व्यवस्था नव्हे.

आता अधिकारांविषयी. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ खाली मानक ठरवणे ब्यूरोचे काम आहे आणि ते सक्तीचे करण्याचा आदेश केंद्र सरकार काढते, हे मला ठाऊक आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत प्रामुख्याने विद्युत सुरक्षितता तपासली जाते. यंत्राने शॉक बसू नये एवढे ती पाहते, यंत्र छापल्याप्रमाणे उजेड देते का हे पाहत नाही. म्हणून ब्यूरोला विनंती अशी की आयएसओ २१११८ मधील उजेडाच्या घोषणेची आणि मोजणीची तरतूद प्रोजेक्टरसाठी बंधनकारक व्हावी, असा प्रस्ताव संबंधित मंत्रालयाकडे न्यावा. खोक्यावर एकच मुख्य आकडा असावा, तो भिंगातून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या उजेडाचा असावा, त्यापुढे मानकाचे नाव असावे, आणि शक्य झाले तर त्याच अक्षरांच्या उंचीत रंगीत उजेडाचा आकडा असावा. प्रकाशस्रोताचे ल्युमेन, एलईडी ल्युमेन आणि आकाराविना लक्स यांना खोक्यावर आणि जाहिरातीत मज्जाव असावा. चाचणीसाठी नवे काही उभारावे लागणार नाही. मुंबईत अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्स विभागीय चाचणी प्रयोगशाळा आहे, अन्य शहरांतही शासकीय व मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत. त्यांना लागेल ती एक काळी खोली, एक मोजपट्टी आणि एक प्रमाणित लक्समीटर.

केंद्रीय प्राधिकरणाला मात्र मानक सक्तीचे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मधील फसव्या जाहिरातीच्या व्याख्येत वस्तूच्या गुणवत्तेविषयीचे खोटे वर्णन बसते, आणि ८० वॅटच्या यंत्रावरचा ९५०० ल्युमेनचा आकडा खोटा आहे हे वर दाखवलेल्या साध्या भागाकाराने सिद्ध होते. कलम २१ खाली आपण जाहिरात मागे घ्यायला लावू शकता, दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकता. यातले बरेच विक्रेते परदेशी असतात, दर तीन महिन्यांनी नवे ब्रँडनाव घेतात आणि नोटीस द्यायला पत्ताही सापडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु त्यांचा माल ज्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकला जातो त्यांचे पत्ते सर्वांना माहीत आहेत. मानकाचे चिन्ह नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल आपण २०२२ मध्ये अशा बाजारपेठांना जबाबदार धरले होते, विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे द्यायला लावले होते. तोच मार्ग इथेही लागू करता येईल : प्रोजेक्टरची नोंद करताना ‘ब्राइटनेस’ या रकान्यात मानकाचे नाव भरल्याशिवाय आकडा स्वीकारायचा नाही, आणि चाचणी अहवाल जोडल्याशिवाय ५०० ल्युमेनच्या वरचा दावा दाखवायचा नाही. सर्वांत जास्त ल्युमेन आधी, अशी मांडणी निवडणाऱ्या ग्राहकाला आज सगळी खोटी यंत्रे वर आणि खरी खाली दिसतात. ती मांडणी निदान हे होईपर्यंत बंद ठेवावी.

सक्तीला विरोध होईल, आणि तो चाचणीच्या खर्चावरून होईल. लहान आयातदाराला प्रत्येक मॉडेलची चाचणी परवडणार नाही, असे म्हटले जाईल. यावर माझे उत्तर असे आहे की ज्याला मोजणे परवडत नाही त्याने आकडा छापू नये. ‘अंधाऱ्या खोलीत, ६० इंचांपर्यंतच्या चित्रासाठी योग्य’ असे प्रामाणिक वाक्य छापायला काही खर्च येत नाही, आणि ग्राहकाला त्यातून ९५०० पेक्षा कितीतरी अधिक कळते. दुसरा आक्षेप असा येईल की स्वस्त लक्समीटर लेसर आणि एलईडीचा अरुंद पट्ट्यातला प्रकाश, त्यातही निळा, अचूक वाचत नाहीत. हे खरे आहे, आणि निवाडा करणाऱ्या प्रयोगशाळेने चांगलाच मीटर वापरला पाहिजे. परंतु दीड-दोन हजारांच्या मीटरची चूक दहा-पंधरा टक्क्यांची. आपल्याला पकडायची आहे ती काही पटींची.

याच कारणासाठी एक विनंती राज्यांच्या शिक्षण विभागांनाही पोहोचवावी. माल ताब्यात घेताना शाळेत किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात नऊ बिंदूंची मोजणी करून बघावी आणि निविदेतल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली भरलेले यंत्र परत पाठवावे, अशी अट खरेदीच्या करारातच घालता येते. विज्ञानाच्या शिक्षकाला हे काम अर्ध्या तासात जमते. खिडक्या झाकायच्या, यंत्र वीस मिनिटे चालू ठेवायचे, पांढरे पान लावायचे, मोजायच्या आधी भिंगावर झाकण ठेवून खोलीत शिरलेला उजेड वाचायचा आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करायचा. सातवी-आठवीच्या मुलांकडून सरासरी आणि क्षेत्रफळ काढून घेतले तर गणिताचा एक तासही भरतो. तालुक्याला एक चांगला मीटर पुरेल. त्याची किंमत एका फसलेल्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी आहे.

अंमलबजावणीला मुदत द्यावी लागेल हे मान्य आहे. दुकानांत पडून असलेल्या मालावर नवे लेबल चिकटवायला सहा महिने, आणि ऑनलाइन नोंदी दुरुस्त करायला तीस दिवस, एवढी मुदत मला पुरेशी वाटते. शाळांची मोठी खरेदी आर्थिक वर्षाच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. निदान ऑनलाइन बाजारपेठांसाठीची सूचना त्याआधी निघावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक प्रोजेक्टर तंत्रज्ञ